डर्बी सिटी क्लासिकचा बँक पूल विभाग: कच्च्या खेळाडूला प्रवेश फीच्या बदल्यात काय मिळतं

जानेवारीच्या शेवटी नऊ दिवस भरणारी डर्बी सिटी क्लासिक ही अमेरिकेतली सर्वात गजबजलेली पूल (खिशांच्या टेबलावरचा बिलियर्ड्सचा प्रकार) स्पर्धा. 1999 मध्ये 'डायमंड' ब्रँडची टेबलं बनवणाऱ्या ग्रेग सलिव्हन यांनी ती केंटकीतल्या लुइव्हिलला सुरू केली. पुढे ती ओहायो नदीपलीकडे, इंडियानातल्या एलिझाबेथ गावच्या कॅसिनोत गेली. आज हा कॅसिनो 'सीझर्स सदर्न इंडियाना' नावाने ओळखला जातो. स्पर्धेत तीन मुख्य विभाग असतात: बँक पूल (बॉल आधी कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी पट्टीला, लावूनच खिशात पाडायचा), वन पॉकेट (प्रत्येकाचा एकच ठरलेला खिसा) आणि नाइन बॉल (नऊ नंबरचा बॉल पाडणारा जिंकतो). तिन्ही मिळून ज्याची कामगिरी सर्वात चांगली त्याला 'मास्टर ऑफ द टेबल' हा मान मिळतो. हा मान फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांनी अनेकदा मिळवला आहे. इथे फक्त पहिल्या विभागाचा, तोही शेवटच्या रांगेतल्या खेळाडूच्या बाजूने, हिशेब मांडला आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. बक्षिसाच्या रकमेवर डोळा ठेवून नाव देणार असाल तर पैसे वाया गेले असं समजा. पण बचावाचा खेळ शिकायचा असेल, तर एवढ्या किमतीत याहून चांगली शाळा मिळणं कठीण. तिन्ही विभागांत कच्च्या खेळाडूला सर्वात जास्त वाव इथेच आहे, आणि तो वाव बॉल पाडण्यातून येत नाही, समोरच्याला बॉल न देण्यातून येतो. हे मनात पक्कं असेल तरच फी भरा.

स्पर्धा खुली आहे. पात्रता फेरी नाही, हँडिकॅप (कच्च्याला गुणांची सवलत) नाही, कुणी तुमचं रेटिंग विचारून तुम्हाला वेगळ्या गटात टाकत नाही. फी भरली की नाव यादीत, आणि पहिल्याच फेरीत जगातला एखादा नावाजलेला खेळाडू समोर उभा राहू शकतो. प्रत्येक फेरीनंतर नव्याने चिठ्ठ्या पडतात, त्यामुळे आपल्या बाजूचा ड्रॉ सोपा की अवघड याचा अंदाज बांधत बसण्यात अर्थ नाही. पहिला सामना हरलात तर एकदा पैसे भरून पुन्हा आत येता येतं. याला तिथे 'बाय-बॅक' म्हणतात. दुसऱ्यांदा हरलात की बाहेर. म्हणजे दोन आयुष्यं, पण दुसऱ्याचे पैसे वेगळे.

इथेच बहुतेक नवख्यांचा हिशेब चुकतो. ते फक्त प्रवेश फी धरून खर्च मांडतात आणि हरल्यावर, डोकं तापलेलं असताना, बाय-बॅक करावं की नाही यावर विचार करू लागतात. कच्चा खेळाडू पहिला सामना हरण्याचीच शक्यता जास्त, हे आधीच मान्य करून दोन्ही रकमा एकत्र धराव्यात. त्या मिळून झेपत नसतील तर नाव देऊ नये. झेपत असतील तर बाय-बॅक करावंच, कारण पहिल्या सामन्यात टेबलाचा वेग आणि कुशनची चाल कळते, आणि त्या माहितीचा उपयोग दुसऱ्याच सामन्यात होतो. पुन्हा प्रवेशाचं काम काउंटरवर लगेच उरकून टाका. चहा-कॉफी नंतर.

आता खेळाचं स्वरूप. इथे नऊ बॉलचा छोटा रॅक (एकत्र मांडलेल्या बॉलचा एक डाव) खेळतात, पंधराचा पूर्ण नाही. पूर्ण रॅकमध्ये आठ बॉल लागतात, इथे पाच पाडणारा रॅक जिंकतो आणि तीन रॅक जिंकणारा सामना. पाडलेला प्रत्येक बॉल खिशात जाण्याआधी किमान एका कुशनला लागलेला असावा लागतो. पांढरा बॉल (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा तो) आधी कुशनला मारून मग बॉलवर नेणं, म्हणजे किक, चालत नाही. कॉम्बिनेशन (एका बॉलने दुसरा पाडणं) चालत नाही, दुसऱ्या बॉलला घासून गेलेलाही चालत नाही. बॉल स्वच्छ गेला पाहिजे. नियम मोडून खिशात गेलेला बॉल पाळी संपल्यावर पुन्हा टेबलावरच्या ठरलेल्या ठिपक्यावर, म्हणजे स्पॉटवर, येतो. ब्रेकवर (रॅक फोडणाऱ्या पहिल्या फटक्यावर) पडलेला बॉलही कुणाच्या खात्यात जमा होत नाही, तो टेबलावर परत येतो.

फाउल झाला तर पाडलेल्यांतला एक बॉल परत ठेवावा लागतो. खात्यात बॉल नसेल तर उधारी चढते आणि पुढचा पाडलेला बॉल ती फेडण्यात जातो. पाचांच्या शर्यतीत हा दंड फार जड आहे. एका फाउलने पाचाचे सहा होतात. ज्याला मुळात एका रॅकमध्ये दोन-तीन बॉल पाडण्याचीच आशा आहे, त्याचे दोन फाउल झाले की तो रॅक सोडून दिल्यासारखाच. नवख्यांच्या हातून होणारे फाउल दोनच प्रकारचे असतात. एक, पांढरा खिशात जाणं. दोन, सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणारा बचावाचा फटका) खेळताना बॉलला स्पर्श तर झाला, पण त्यानंतर एकही बॉल कुशनपर्यंत पोचला नाही. दुसरा प्रकार जास्त चुटपुट लावतो, कारण तो हाताच्या कमकुवतपणातून नाही, घाबरून हळू मारण्यातून होतो. सेफ्टी मारतानाही कोणता बॉल कोणत्या कुशनला नेणार, हे आधी ठरलेलं हवं.

कच्च्या खेळाडूला इथे वाव का आहे, ते आकड्यांतून बघू. समजा, समोरचा मोकळा बँक शॉट 10 पैकी 7 वेळा पाडतो. मोकळे शॉट मिळत राहिले तर पाच सलग पाडण्याची त्याची शक्यता साधारण सहात एक, आणि प्रत्येक पाळीत तो सरासरी जवळपास दोन बॉल घेऊन जातो. तीन पाळ्या अशा दिल्या की रॅक संपला. आता त्यालाच दर वेळी असा शॉट मिळाला की जो तो 10 पैकी 4 वेळाच पाडतो, तर पाळीमागे सरासरी दोन बॉलवरून पाऊण बॉलच्याही खाली येते. त्याचं कौशल्य तेच राहिलं, फक्त पांढरा कुठे थांबला ते बदललं. तुमचं स्वतःचं प्रमाण 10 पैकी अडीच असेल, तर दुसऱ्या परिस्थितीत तुम्ही निदान सामन्यात असता. पहिल्या परिस्थितीत तुम्ही फक्त खुर्चीवर बसलेले असता.

नाइन बॉलमध्ये ही पळवाट नाही. तिथे तगडा खेळाडू मोकळ्या टेबलावर सहज रॅक संपवतो. बँकमध्ये अगदी मातब्बरही प्रत्येक बॉलला थोडी जोखीम घेतोच. कारण भूमितीचं आहे. सरळ शॉटमधली अर्ध्या अंशाची चूक बँकमध्ये कुशनपर्यंतच्या आणि कुशनपासून खिशापर्यंतच्या दोन्ही टप्प्यांवर वाढत जाते, शिवाय वेग आणि फिरकी परतीचा कोन बदलतात. ज्यांच्या हातात हे सगळं बसलेलं असतं असे लोक मोजकेच. जुन्यांत 'नॉक्सव्हिल बेअर' म्हणून ओळखले जाणारे एडी टेलर, अलीकडच्यांत हा विभाग एकाहून अधिक वेळा जिंकलेला जॉन ब्रमबॅक. त्यांच्यासमोर चिठ्ठी निघाली तर शांतपणे बघा, शिका. बाकीच्या मैदानातल्या बऱ्याच जणांशी झुंज देता येते.

टेबलाबद्दल. इथली टेबलं नऊ फुटी डायमंड. खेळायची जागा 100 बाय 50 इंच, कडेवरच्या खुणा, ज्यांनाही 'डायमंड' म्हणतात, दर साडेबारा इंचांवर. कोपऱ्यातले खिसे क्लबांतल्या रुंद तोंडाच्या खिशांपेक्षा अरुंद आणि आत खोल, त्यामुळे कडेला लागून आत घरंगळणारे बॉल इथे बाहेर थुंकले जातात. डायमंडची कुशनं इतर अनेक टेबलांपेक्षा 'शॉर्ट' खेळतात, म्हणजे बॉल अपेक्षेपेक्षा उभ्या कोनात परततो. क्लबातल्या जुन्या, घासलेल्या टेबलावर जन्म काढलेल्याचा बँक इथे पहिल्या तासात एकाच बाजूला चुकत राहतो, ते यामुळे. त्यातच कापड नवं असेल तर उलटा परिणामही मिसळतो: गुळगुळीत कापडावर बॉल कुशनला कमी पकडतो आणि जरा लांब परततो. दोन्हींची गोळाबेरीज कागदावर होत नाही, टेबलावरच करावी लागते.

त्यासाठी सरावाचं टेबल मिळालं की इकडचे तिकडचे बॉल पाडत बसू नका. एक बॉल फुट स्पॉटवर (रॅक लावतात त्या टोकाकडचा ठिपका) ठेवा आणि तो उजव्या लांब कुशनवरून त्याच टोकाच्या डाव्या कोपऱ्यात बँक करा. निव्वळ भूमितीने, बॉलने कुशनला कोपऱ्यापासून एक डायमंड आणि वर एक-तृतीयांश इतक्या अंतरावर लागायला हवं. पांढरा बॉल, फुट स्पॉटवरचा बॉल आणि तो बिंदू एका रेषेत येतील असा पांढरा ठेवा, म्हणजे कट (बॉलला मधोमध न मारता बाजूला मारणं) नसेल आणि फिरकीची भेसळ होणार नाही. मग तोच शॉट तीन वेगांनी मारा: खिशापर्यंत जेमतेम पोचेल असा, मध्यम, आणि जोरात. जेमतेम पोचणारा बॉल कुशनला लागेपर्यंत पूर्ण घरंगळत असतो. परतताना ती पुढची घरंगळ त्याला पुन्हा पुढे ओढते आणि कोन रुंदावतो. जोरात मारलेला बॉल कुशनला घसरतच जाऊन धडकतो, कुशन जास्त दबतं, आणि तो उभ्या कोनात परत येतो. तिन्ही वेळा बॉल खिशाच्या कुठल्या बाजूला गेला ते टिपून ठेवा. मध्यम वेगाचा जो फरक येईल, तोच त्या टेबलापुरता तुमचा आकडा. सामन्यात बहुतेक शॉट त्याच वेगाने मारायचे. वेग बदलत राहिलात तर दर वेळी कोनही बदलतो, आणि मग चूक निशाण्याची होती की वेगाची, हे कधीच कळत नाही.

कटमुळे होणारी चूक याहून फसवी आहे. कट मारताना पांढऱ्याच्या घर्षणाने बॉलला थोडी फिरकी मिळते आणि ती कुशनवर जाऊन काम करते. पांढरा ज्या रेषेत येतोय, त्यापेक्षा बॉल जास्त तिरका कुशनकडे कापला, तर ही फिरकी परतीचा कोन उभा करते आणि बॉल शॉर्ट येतो. उलट, पांढरा तिरका येतोय आणि बॉल त्यापेक्षा सरळ कुशनकडे ढकलला जातोय, म्हणजे परतताना बॉल पांढऱ्याच्या रेषेपलीकडे जाणार असेल, तर फिरकी कोन रुंदावते आणि बॉल लांब जातो. म्हणजे एकाच जागेवरचा बॉल पांढऱ्याच्या दोन जागांवरून दोन वेगळ्या बिंदूंवर मारावा लागतो. नवखा इथे 'डायमंड मोजून' मारतो आणि टेबलाला दोष देतो. बॉल मळलेले असतील, संपर्काच्या जागी खडूचा डाग असेल तर हे घर्षण आणखी वाढतं. रॅक लावताना बॉल पुसून घ्यायला कुणाची हरकत नसते.

मुद्दाम साइड (पांढऱ्याला डाव्या-उजव्या बाजूला मारून दिलेली फिरकी) मारून कोन बदलण्याच्या भानगडीत कच्च्या खेळाडूने पडू नये. बॉलला मिळणारी फिरकी पांढऱ्याच्या उलट असते, फार थोडी असते, आणि तेवढ्यासाठी क्यूची रेषा मात्र बिघडते.

डबल किस, म्हणजे बॉल आणि पांढरा यांची दुसऱ्यांदा टक्कर, ही दुसरी नेहमीची आपत्ती. बॉल कुशनच्या अगदी जवळ, एखाद्या बॉलच्या रुंदीइतक्या अंतरावर असेल आणि शॉट जवळजवळ सरळ असेल, तर कुशनवरून परतणारा बॉल तिथेच रेंगाळलेल्या पांढऱ्याला धडकतो. बॉल गेला तो गेलाच, वर पांढरा कुठेही जाऊन थांबतो. यावर उपाय दोनच. शॉट भरलेला (बॉलला मधोमध लागणारा) असेल तर पांढऱ्याला खाली मारून मागे खेचायचा, कट बऱ्यापैकी असेल तर स्टन (टक्करीच्या क्षणी पांढऱ्याला पुढची-मागची फिरकी नसलेला फटका) मारून त्याला आडव्या रेषेत वाटेतून बाजूला पाठवायचा. दोन्ही शक्य नसेल तर तो शॉट नाहीच असं समजायचं. कुशनला चिकटलेला बॉल कमी कोनातून मारायला जाणारे दर वर्षी दिसतात, आणि दर वर्षी त्यांचा तोच शेवट होतो.

मग कच्च्या खेळाडूने मारायचं काय? लांब बँक, म्हणजे आखूड कुशनला लावून टेबलभर परत आणायचे शॉट, पाडण्यासाठी विसरून जा. त्यांचा उपयोग बॉल दूर पाठवण्यापुरता. कोपऱ्यातले आणि मधल्या खिशातले आडवे, म्हणजे लांब कुशनला लावून आणायचे, बँक हाच तुमचा माल. त्यातही असा शॉट निवडा की चुकला तरी पांढरा डोक्याकडच्या (ज्या टोकाकडून ब्रेक मारतात त्या) आखूड कुशनला जाऊन टेकेल. बॉल बहुतेक फुट स्पॉटच्या टोकाला असतात, त्यामुळे समोरच्याला लांबून मारावं लागतं, आणि कुशनला चिकटलेल्या पांढऱ्यावर क्यू उचलून मारावं लागतं, खाली मारून पांढरा मागे खेचता येत नाही. 70 टक्क्यांचा खेळाडू 40 वर येतो तो नेमका इथे. पांढरा टेबलाच्या मध्यभागी सोडणं ही या खेळातली सर्वात महागडी सवय आहे, कारण मध्यभागातून सहाही खिसे आणि चारही कुशनं उघडी असतात.

पूलच्या इतर प्रकारांतून आलेल्यांना पटायला वेळ लागतो अशी एक गोष्ट: खिशाच्या तोंडाशी लटकलेला बॉल इथे भेट नसून अडथळा असतो. तो सरळ पाडता येत नाही, बँक करायला जागा नसते, आणि त्या खिशात जाणारे इतर बँकही तो अडवतो. त्यामुळे पाडण्याचा प्रयत्न खिशापर्यंत जेमतेम पोचणाऱ्या वेगाने केला आणि बॉल तोंडाशी थांबला, तर फार बिघडलं नाही. मात्र वर सांगितलेला वेगाचा फरक इथे लक्षात ठेवायला हवा, हळू मारलेला बॉल रुंद जातो.

समोरचा चार बॉलवर असताना तुमचे दोन असतील तर सेफ्टी-सेफ्टीचा लांब डाव सुरू करा. अनुभवी खेळाडूला घाई नसते हे खरं, पण स्पर्धेच्या गोंधळात, पुढच्या सामन्याची पुकार कानावर येत असताना, चौथ्या सेफ्टीनंतर बरेच जण नको तो शॉट घेतात. मात्र पुढे असताना हा उद्योग करू नका. पुढे असलेला कच्चा खेळाडू बचावाला लागला की हात आखडतो आणि वर सांगितलेला कुशन न लागण्याचा फाउल करून बसतो.

ब्रेक जोरात मारायची हौस आवरा. पडलेल्या बॉलचा गुण नाही, पांढरा खिशात गेला तर मात्र उधारी पहिल्याच फटक्याला. मध्यम जोर, पहिल्या बॉलवर भरलेला ठोसा.

सेवेच्या बाजूने तक्रारीही आहेत. वेळापत्रक कागदावर असतं, पण शेकड्याने नावं आणि बाय-बॅकवाले मिळून फेऱ्या लांबतात आणि सामना मध्यरात्रीनंतरही लागू शकतो. प्रत्येक टेबलावर पंच नसतो. खिसा आणि कुशन आधी सांगणं ही तुमची जबाबदारी, आणि एकाहून अधिक कुशनांचा शॉट असेल तर तो मोठ्याने, समोरच्याने मान हलवेपर्यंत सांगा. घासून जाणार की स्वच्छ, अशी शंका असलेला शॉट असेल तर मारण्याआधी पंचाला बोलवा. मारल्यानंतरच्या वादात सहसा ज्याचा शॉट त्याच्या बाजूने कौल जातो, आणि नवखे भिडेपोटी गप्प बसून बॉल गमावतात. कॅसिनोचा परिसर असल्याने खाणं-राहणं स्वस्त नाही, आणि रात्री बाजूच्या खोल्यांत पैसे लावून चालणाऱ्या खेळात कुणीतरी तुम्हाला हमखास ओढू बघेल. बँक विभागातून बाहेर पडलेला, हात गरम असलेला कच्चा खेळाडू हे तिथलं आवडतं गिऱ्हाईक.

बँक विभाग आठवड्याच्या सुरुवातीलाच असल्याने लवकर हरलात तरी परतीचं तिकीट दोन-तीन दिवस पुढचं ठेवा. तोच विभाग शेवटाकडे जाताना चांगल्या खेळाडूंचे सामने जवळून बघता येतात. बघताना पडलेले बॉल मोजू नका. चुकलेल्या प्रत्येक शॉटनंतर पांढरा कुठे थांबला, ते वहीत टेबलाचा चौकोन काढून टिपून ठेवा. एका सामन्यात अशी पंधरा-वीस टिपणं होतात, आणि पुढच्या वर्षीचा सराव कुठून सुरू करायचा हे त्यातूनच दिसतं.